पिसलेली पाने

दिवाळीत घरोघर पत्त्यांचे डाव पडतात. फराळाच्या बश्या बाजूला सरकवून मंडळी सतरंजीवर गोल करून बसतात आणि डाव सुरू होण्यापूर्वी एक जण पाने पिसू लागतो. त्याच घरात आठ दिवसांपूर्वी माळे झाडले गेलेले असतात, डबे घासूनपुसून फळीवर उंचीप्रमाणे लावलेले असतात, वर्षाची रद्दी बाहेर गेलेली असते. सगळीकडे व्यवस्थेचा नुसता उत्सव चाललेला असतो. आणि इथे हा गृहस्थ असलेली व्यवस्था दोन्ही हातांनी मोडत बसलेला असतो, तरी कोणी त्याला अडवीत नाही! उलट, 'अरे, नीट पिस' असे त्याला बजावण्यात येते. अव्यवस्था नीटपणे करावी, ही अपेक्षा मला मोठी मौजेची वाटते. पाने पिसण्यात कुचराई करणाऱ्याला आपण आळशी म्हणत नाही, लबाड म्हणतो.

एरवी नीटनेटकेपणाला आपण सद्गुणांच्या पंक्तीला बसवतो. ज्याची वही नीट त्याचे मन नीट, असे लहानपणापासून कानी पडलेले असते. मग मुद्दाम केलेली गोंधळाची कृती कर्तव्य कधी ठरते, आणि कशामुळे? हा प्रश्न पत्त्यांपुरताच असता तर डाव मोडल्याबरोबर मी तो विसरूनही गेलो असतो. पण संगणकाच्या अंतरंगाविषयी वाचत असताना तो मला अशा जागी भेटला की जिथे गोंधळाला थाराच नसेल, अशी माझी समजूत होती.

लिनक्स नावाची एक संगणक-प्रणाली आहे. तिच्या गाभ्याला 'कर्नल' म्हणतात. हा पलटणीतला कर्नल नव्हे. बदाम फोडल्यावर आतून जो गर निघतो त्या अर्थाचा हा शब्द आहे. अर्थात आतला हा गर पलटणीतल्या कर्नलाइतकाच हुकूमबाज असतो, ही गोष्ट निराळी. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही हाच गाभा काम करतो. यंत्राची सगळी स्मृती त्याच्या ताब्यात असते आणि ती तो पानापानांनी वाटतो. 'पान' हा शब्द मी मराठीच्या हौसेने घुसडलेला नाही. इंग्रजीतही त्याला पानच म्हणतात. सर्वसाधारण यंत्रात असे एक पान ४,०९६ बाइटांचे असते. बाइट म्हणजे रोमन लिपीतले एक अक्षर मावेल एवढी जागा. आठ गीगाबाइट स्मृतीच्या यंत्रात अशी जवळजवळ एकवीस लाख पाने होतात. प्रत्येक कामकरी आज्ञावली गाभ्याकडे पाने मागते, काम झाले की परत करते. पाने वाटण्याची रीत जुनी आहे. केनेथ नोल्टन यांनी ती १९६५ साली मांडली. मोठ्या गठ्ठ्याचे दोन सारखे भाग करायचे, लागल्यास त्यातल्या एकाचे पुन्हा दोन, आणि परत आलेले दोन जोडीदार शेजारी सापडले की त्यांना सांधून मूळचा गठ्ठा करायचा. वाटणीच्या वेळी भाकरीचा चतकोर करणाऱ्या कोणत्याही गृहिणीला यात नवल वाटणार नाही.

यंत्र नुकतेच सुरू झाले म्हणजे हे गठ्ठे ओळीने लागलेले असतात. मागणाऱ्याला एकामागून एक अशी पाने मिळत जातात. किती छान! आणि नेमकी हीच ओळ मोडण्याची सोय जुलै २०१९ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ५.२ या आवृत्तीत करण्यात आली. इंटेल कंपनीतले डॅन विल्यम्स यांनी ती लिहिली. यंत्र सुरू होताना गाभा मोकळ्या स्मृतीतले गठ्ठे पत्त्यांसारखे पिसतो आणि मग वाटायला बसतो.

हे कशासाठी, ते समजायला एका शाळेची कल्पना करावी. शाळेत चोवीस वर्ग आहेत, पण पावसाळ्यात छत्र्या टांगायला खुंट्या मात्र एका वर्गाला पुरतील एवढ्याच. नियम असा की हजेरीपटावर ज्याचा सातवा क्रमांक त्याने सातव्याच खुंटीला छत्री टांगावी, मग तो कोणत्याही वर्गातला असो. म्हणजे सातव्या खुंटीला चोवीस मालक झाले. एके दिवशी एकच वर्ग शाळेत आला तर प्रत्येकाला आपापली खुंटी मिळते, कोणाचा कोणाला धक्का लागत नाही. पण तितकीच मुले निरनिराळ्या वर्गांतून आली तर दोन-तीन 'सातवे' एकमेकांच्या छत्र्या खाली टाकीत बसतात, आणि शेजारची आठवी खुंटी दिवसभर रिकामी राहते. मुलांची संख्या तीच, खुंट्या त्याच, भांडण नवे.

२०१६ साली आलेल्या 'नाइट्स लँडिंग' या चिपमध्ये जवळजवळ अशीच मांडणी होती. जवळची अतिवेगवान स्मृती १६ गीगाबाइट आणि तिच्या मागे असलेली साधी स्मृती ३८४ गीगाबाइटपर्यंत. भागाकार केला की बरोबर चोवीस येतात. वेगवान स्मृती खुंट्यांसारखी वापरली की मागच्या प्रत्येक पानाची पुढे एक ठरलेली जागा. यंत्र नवे सुरू झालेले असताना ओळीने पाने मिळतात, एका वर्गातली मुले एकत्र येतात, आणि काम सुसाट चालते. दिवस जातात, पाने घेतली-टाकली जातात, ओळ विस्कटते, आणि तेच काम तेच यंत्र हळूहळू मंद करू लागते. बिघाड तर कुठेच नसतो! मोठमोठी गणिते करणाऱ्या केंद्रांना याचा फार जाच झाला. काहींनी मोकळी पाने पुन्हा क्रमाने लावून ठेवण्याचा उपाय केला. एका ठिकाणी तर प्रत्येक काम संपल्यावर स्मृतीचा वेग मोजीत, आणि तो सेकंदाला ३०० गीगाबाइटच्या खाली उतरला की यंत्र बंद करून पुन्हा सुरू करीत. छत्र्यांचे भांडण मिटवण्यासाठी शाळा सोडून पुन्हा भरवण्यासारखेच हे झाले.

पिसण्याने हे भांडण मिटत नाही, आणि मिटते असा कोणाचा दावाही नाही. पिसलेल्या पानांत काही टकरी पहिल्या दिवसापासून होतात. पण त्या पहिल्या दिवशी जितक्या, साधारण तितक्याच शंभराव्या दिवशी. सर्वांत चांगला दिवस हातचा जातो आणि सर्वांत वाईट दिवसही टळतो. इथे माझ्यातला नीतिवादी जागा झाला. ज्याला उत्तम देता येते त्याने जाणूनबुजून मध्यम द्यावे काय? पहिल्या पंगतीला गरम पुरणपोळी वाढता येत असताना, शेवटच्या पंगतीला ती थंड मिळणार म्हणून सगळ्यांनाच कोमट वाढणारा यजमान शहाणा की कद्रू?

मला वाटते, या प्रश्नातच एक गफलत आहे. पहिल्या पंगतीची गरम पोळी यजमानाने कोणाला निवडून दिलेली नव्हती. चूल नुकती पेटली होती, एवढेच. यंत्राचा पहिल्या दिवसाचा वेग हा कोणाच्या कर्तृत्वाचा नव्हता आणि कोणाच्या गरजेचाही नव्हता. अशा आयत्या भाग्यावर माणूस आपले अंदाज बांधतो आणि मग ते कोसळले की दोष कुणाला द्यावा हे त्याला कळत नाही. ज्याला महिनाभराचे काम नेमून द्यायचे आहे त्याला आज घोडा आणि उद्या बैल असे वाहन काय कामाचे? रोज सारखा चालणारा बैल त्याला अधिक मानवेल. हे मत माझ्या मध्यमवर्गी वयाचे असेल. विशीत मी घोड्याच्या बाजूने बोललो असतो.

पिसण्याचे दुसरे कारण चोरांचे आहे, आणि ते मला अधिक अस्वस्थ करते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने एक 'किडा' संगणकांच्या जाळ्यात सोडला. त्याच्या अनेक युक्त्यांपैकी एक अशी होती: समोरच्या आज्ञावलीने नाव लिहून घेण्यासाठी ५१२ बाइटांची जागा ठेवली होती, पण येणारे नाव मोजून घेण्याची तसदी घेतली नव्हती. किड्याने ५३६ बाइट पाठवले. उरलेली अक्षरे शेजारच्या जागेत सांडली, आणि काम संपल्यावर यंत्राने कुठे परतायचे याची नोंद तिथे होती. ती नोंद किड्याला हवी तशी पुसून लिहिली गेली. हे जमले, कारण त्या जातीच्या सगळ्या यंत्रांत कोणती वस्तू कुठे आहे हे सारखेच आणि आधीच ठाऊक होते. किल्ली कुठल्या कोनाड्यात ठेवतात हे सगळ्या गावाला माहीत असावे, त्यातला प्रकार!

यावर उपाय म्हणून २००१ साली 'पॅक्स' नावाच्या प्रकल्पाने वस्तूंच्या जागा दर वेळी बदलण्याची कल्पना लिनक्ससाठी प्रत्यक्षात आणली. २००५ मध्ये ती गाभ्यातच आली. २०१६ मध्ये गाभा स्वतःसाठी जे लहानलहान तुकडे वाटून घेतो त्यांची ओळ पिसली जाऊ लागली, आणि २०१९ च्या पानांच्या पिसण्याने त्याला जोड दिली. शेजारी कोण येणार हे चोराला आधी कळू नये, हा हेतू.

आता गंमत अशी की, आपण ज्याला भला माणूस म्हणतो तो बहुधा अंदाज बांधता येण्यासारखाच असतो. 'अमुक वेळेला गेलो की दादा ओसरीवर भेटणारच' यातच दादांचा थोरपणा. पण दादा रोज सातला फिरायला जातात हे चोरालाही कळते, आणि मग आपणच त्यांना सांगतो की, दादा, वेळ बदलत चला. भल्या माणसाच्या नियमितपणावर चोरामुळे बसणारा हा कर आहे, आणि तो चोर कधी भरीत नाही. पिसण्यात जाणारा वेळ, मोडलेली ओळ, हे सारे प्रामाणिक वापरणाऱ्याच्या खात्यावर पडते. शिवाय कर भरूनही संरक्षण पुरते मिळते असे नाही. २००४ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिले की ३२ बिटांच्या यंत्रात लपवायला जागाच इतकी थोडी असते की नुसता अंदाज करीत राहिले तरी सरासरी २१६ सेकंदांत वर्म सापडते. पानांचेही तसेच. पिसले जातात ते ४ मेगाबाइटचे गठ्ठे. गठ्ठ्याच्या आतली १,०२४ पाने जशीच्या तशी ओळीत राहतात, कारण त्याहून बारीक पिसले तर काम फार मंदावते. म्हणून दार उघडे ठेवून नुसती घरातली सामानाची जागा बदलणाऱ्याला मी सावध म्हणणार नाही. आलेले नाव मोजून घ्यावे, हे कर्तव्य पिसण्याने माफ होत नाही.

आणखी एक नुकसान आहे. त्याची चर्चा कमी होते, आणि मला ते सर्वांत गंभीर वाटते. एखादी आज्ञावली चुकून आपल्या हद्दीबाहेर लिहिते आहे असे समजा. पाने ओळीत असताना ती रोज एकाच शेजाऱ्याच्या अंगणात कचरा टाकील. शेजारी रोज ओरडेल. दोष पकडला जाईल. पाने पिसलेली असली की आज कचरा रिकाम्या जागेत पडतो, उद्या कुणाच्या देवघरात, परवा पुन्हा रिकाम्या जागेत. तक्रार करणारा येतो तेव्हा त्याला सांगतात, 'आम्ही करून पाहिले, आमच्याकडे तसे काही होत नाही.' ते खोटे बोलत नसतात! दाद मागण्यासाठी गुन्हा पुन्हा दाखवता यावा लागतो, आणि पिसण्याने नेमकी तीच सोय काढून घेतली जाते. निदान यंत्राच्या बाबतीत जाणत्यांनी याची दखल घेतलेली आहे. गाभ्याची स्वतःची जागा बदलणे सुरू करताना एका शब्दाने बंद करता येते, म्हणजे दोष शोधणाऱ्याला स्थिर जमीन मिळते. आणि पानांचे पिसणे तर कोणी सांगितल्याशिवाय सुरूच होत नाही, कारण खुंट्यांची अडचण ज्या यंत्रात नाही त्याला त्याचा उपद्रवच व्हायचा. आपला उपाय सगळ्यांच्या गळ्यात बांधू नये, हा विनय मला आवडला. समाजसुधारकांतही तो विरळा.

पिसणे न्याय्य केव्हा, याचा विचार करताना मला उत्तिरमेरूर आठवते. तमिळनाडूतल्या या गावी दहाव्या शतकातले, चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले शिलालेख आहेत. गावसभेची माणसे कशी निवडावीत ते त्यांत कोरलेले आहे. ताडपत्रावर नावे लिहून घटात टाकायची आणि एका लहान मुलाकडून काढून घ्यायची. पण घटात नाव पडण्यापूर्वी गाळणी केवढी! वय पस्तीस ते सत्तर, स्वतःच्या जागेवर घर, करपात्र जमीन, विद्या. आणि पूर्वी अधिकारावर राहून ज्याने हिशेब दिला नाही तो बाद, एवढेच नव्हे तर त्याचे नातलगही बाद. जिथे कारणे चालतात तिथवर कारणे चालवली. पुढे एकाला दुसऱ्यावर चढवायला कारणच उरेना, तेव्हा मुलाचा हात घटात गेला. गाभाही सारख्याच आकाराचे गठ्ठे एकमेकांत बदलतो, लहानमोठ्यांची सरमिसळ करीत नाही.

राहिला प्रश्न पिसणाऱ्याच्या हाताचा. माणसाचा हात निःपक्षपाती नसतो. हे ओळखले ते शेतीच्या प्रयोगांतून रोनाल्ड फिशर यांनी, आणि आपल्याकडे ते शेतात नेले पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. दोघांचे शेतीच्या संख्याशास्त्रावरचे पुस्तक १९५४ साली निघाले, पण त्याआधीच पिकाचा अंदाज घेण्यासाठी गाव, शेत आणि शेतातला तुकडा यदृच्छेने निवडण्याची पद्धत त्यांनी रुजवली होती. पाहणी करणाऱ्याला 'एक तुकडा निवड' म्हटले की त्याचे पाऊल आपोआप डोलणाऱ्या कणसांकडे वळते. त्यात लबाडी असतेच असे नाही. म्हणून निवड आकड्यांच्या तक्त्यावर सोपवायची.

याच फिशर यांनी फ्रँक येट्स यांच्यासह १९३८ साली पिसण्याची शास्त्रशुद्ध रीत दिली. शेवटचे पान घ्यावे, त्याची अदलाबदल स्वतःसह उरलेल्यांपैकी कोणत्याही एकाशी करावी, मग ते पान बाजूला धरून उरलेल्यांत तेच करावे. पत्ते घेऊन बसलेल्या मुलांनी एक गणित करून पाहावे. तीनच पाने घ्या. ती सहा प्रकारे मांडता येतात. प्रत्येक पान 'उरलेल्यांपैकी' न बदलता तिन्हींपैकी कोणाशीही बदलले तर एकूण सत्तावीस वाटा होतात. सत्तावीसला सहाने भाग जात नाही; म्हणजे काही मांडण्यांना जास्त वाटा मिळणार, काहींना कमी. दिसायला दोन्ही पिसणी सारखीच, पण दुसरीत पक्षपात आपोआप शिरलेला असतो.

लिनक्सच्या गाभ्यात फिशर-येट्स यांचे नाव घेतलेले आहे, पण प्रत्यक्षात तो प्रत्येक गठ्ठा सगळ्या विभागातल्या कोणत्याही जागेशी बदलू पाहतो, आणि तिथे मोकळा गठ्ठा नसला तर दहा वेळा प्रयत्न करून पुढे जातो. म्हणजे काटेकोर पाहिले तर ही पिसणी दुसऱ्या प्रकारातली. मला यात काही वावगे वाटत नाही. इथल्या थोड्याशा पक्षपाताने कोणत्याही गठ्ठ्याचे वाईट होत नाही. ओळ मोडली की काम झाले.

माणसांच्या चिठ्ठ्यांना मात्र ही सूट नाही. आपल्याकडे प्रभागांचे आरक्षण चिठ्ठ्या काढून ठरते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांतल्या प्रवेशाच्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. अर्ज जागांहून जास्त आले की सोडत निघते, आणि महाराष्ट्रात ती संगणक काढतो. ज्या आईच्या मुलाचे नाव त्या यादीत येत नाही तिला सत्तावीस आणि सहाचे गणित विचारण्याचा पुरेपूर अधिकार आहे. तिथे पिसणी अगदी काटेकोरच हवी. ती तशी झाली तर त्या आईला निदान एवढे कळते की, आपल्या मुलाला कोणी कमी लेखले नाही. पण शेजारच्या घरचे मूल आत आणि आपले बाहेर, याला कारण काय, असे तिने विचारले तर सोडतीजवळ उत्तर नाही. उत्तर देणे लागू नये म्हणूनच तर ती काढलेली असते. आणि जागा इतक्या थोड्या का, हा खरा प्रश्न सोडतीच्या निर्मळपणात हळूच बुडून जातो.

याबाबत गाभ्याची रीत आपल्या उलट आहे. तो पाने पिसतो ती मोकळी पाने भरपूर असताना. ती अगदी संपली, कुठूनच एक पान निघेना, म्हणजे तो चिठ्ठ्या टाकीत नाही. चालू असलेल्या प्रत्येक आज्ञावलीला तो गुण देतो. जिने सर्वांत जास्त स्मृती अडवली आहे तिचे गुण सर्वांत जास्त, आणि तिलाच तो ठार करतो. टंचाईत तो कारण पाहतो. हा काही आदर्श न्याय आहे असे मी म्हणत नाही. पुष्कळदा मालकाला जिची सर्वांत अधिक गरज तीच आज्ञावली सर्वांत अधिक जागा घेऊन बसलेली असते आणि नेमकी तीच बळी जाते. म्हणून मालकाला आधीच लिहून ठेवता येते की, अमकीला हात लावू नये. थोडक्यात, वशिला तिथेही आहेच. फक्त तो यंत्रात उघड लिहिलेला असतो आणि उणे १,००० ते अधिक १,००० या आकड्यांत मोजलेला असतो.